चारशे तेहतीस

हॅलिफॅक्स. उतारावर एकमेकांना धरून उभी
काळ्या दगडाची घरं, त्यातल्या सत्तावीस नंबरात
ओट्यावर मी डाख लावत बसलोय.
कथलाचा धूर. खिडकी उघडावी तर वारा आत येऊन
रेझिस्टर उधळून लावतो, मग तांदळातले खडे
निवडावेत तसे ते पुन्हा निवडायचे.

नेव्हिलचा गुडघा बदललाय.
सहा पेडल दाबण्यात जन्म गेला त्याचा.
आता म्हणतो, पायाचं काम हातात आणून दे,
आणि ती जाड केबल नको, तिच्यातच अडकून आपटलो
मार्चमध्ये, क्लबात, बिंगोच्या जरा आधी.

म्हणून हा खटाटोप. तीन बटणं, एक फिरकी,
एक चिप, जिला कल कळतो:
गिटारची मान वर केली की सिंथेसायझरमधली बासरी
हळूहळू सनई होते.
नेव्हिल तिला ओबो म्हणतो. मी वाद घालत नाही.

आधी सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं.
देखणं दिसत होतं. एक शब्द बाहेर पडेना.
पत्रा लाटा गिळतो, हे मला,
तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला,
दार मिटताच लोकांचे फोन तुटताना बघणाऱ्याला
कळायला दोन रात्री लागल्या.
मग आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा.

चाललं. खोलीभर सनई, किंवा ओबो.
फक्त वरची जाड तार उशिरा बोलते.
का रे, नेव्हिल म्हणाला.
मी म्हटलं, तिची लाट लांब. एक तरी पुरी झाल्याशिवाय
यंत्राला सूर ओळखता येत नाही.
थांबावं लागतं.
आमचा बाप, तो म्हणाला, आणि पुढची धून घेतली.

मंगळवारी चार वाजता, कुणी हात लावला नसताना,
बासरीचा एकदम चर्चमधला ऑर्गन झाला.
बुधवारी काही नाही. शनिवारपर्यंत काही नाही.
बॅटऱ्या बदलल्या, अर्थिंग तपासलं,
नेव्हिलने गिरणीत मेलेल्या एका फोरमनचं नाव घेतलं.
पुढच्या मंगळवारी चारला पुन्हा ऑर्गन,
आणि भिंतीपलीकडे टिंग-टाँग.

मिसेस हिंचलिफची बेल.
तिचीही लहर तीच, चारशे तेहतीस,
स्वस्तातली, कुणीही वापरावी अशी.
औषधं आणून देणारा पोऱ्या तिचं बटण दाबत होता
आणि माझा डबा ओ देत होता.

इलाज सोपा. प्रत्येक निरोपाआधी एक आकडा,
पाकिटावर पत्ता असावा तसा. तो नसला तर ऐकायचं नाही.
चार ओळींचं काम.
लगेच लिहिल्या नाहीत. का ते मलाही नीट सांगता येणार नाही.
कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करत राहिलो.
पाच आठवडे. पाच मंगळवार, आणि एक रविवार,
तोही एकतीस नंबर शोधणाऱ्या कुणाचा तरी.

आमचं बोलणं कचऱ्याच्या डब्यांपुरतं:
आज हिरवा की काळा.

गुरुवारी क्लबात नेव्हिलचा कार्यक्रम.
बुधवारी रात्री ओळी लिहिल्या, डबा बंद केला,
झाकणाचा एक स्क्रू सापडेना, चिकटपट्टी लावली.
नेव्हिल म्हणाला, खात्री काय?
खरंच होतं. चाचणी तर घ्यायलाच हवी.
तू सूर धरून ठेव, म्हटलं, आणि चपला घालून बाहेर.

तिच्या दारातला दिवा पिवळा, गढूळ.
बटण दाबलं.
कान सवयीने आमच्याच भिंतीकडे:
बासरी. अजून बासरी. ऑर्गन नाही.
चार ओळी बरोबर होत्या, परत फिरायला हरकत नव्हती.

आत खुर्ची सरकली. मग काठी.
मग काहीच नाही, बराच वेळ.
जाड तार.
मी थांबलो.